डायनिंग टेबल आणि आयलंडवर लांबट झुंबर: माप, उंची, उजेड (सल्ला हवा, जरा घाईत)

कडीकोयंडा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं रोमात (म्हणजे नुसती वाचत) काढली, आज गरजेपोटी पहिला धागा काढतेय. सांभाळून घ्या.

घराचं काम चालू आहे. स्वयंपाकघर आणि जेवायची जागा एकाच खोलीत, मध्ये भिंत नाही. टेबल ६ फूट × ३ फूट. त्याच्या पलीकडे, टेबलाला समांतर, ८ फूट × ३ फुटांचं आयलंड, म्हणजे चहूबाजूंनी मोकळा ओटा. फॉल्स सीलिंगचा सांगाडा लागलाय, बोर्ड अजून लागायचेत. ते लागले की छताची उंची ९ फूट राहील.

टेबलावर आयताकृती झुंबर लावायचं एवढं एकमताने ठरलंय. पुढच्या प्रत्येक गोष्टीवर घरात दोन पक्ष आहेत. नवऱ्याला स्फटिकांचे लोलक हवेत. मला काळ्या धातूची साधी दांडी आणि तिच्यावर दिवे हवेत. लांबी किती घ्यायची? खाली किती सोडायचं? आयलंडवरही तसंच दुसरं लावावं का? आणि कळीचा मुद्दा: वायरमनने काढलेला पॉइंट टेबलाच्या मध्यावर नाही, सव्वा फूट बाजूला आहे. तो म्हणतो, "लावल्यावर कळतपण नाही." कळतं का?

तिरपा_डोळा
कळतं.

उगाच_एक
घरात माणसं दोन, झुंबरात दिवे बारा. दिवे घ्या. (म्हणजे विकत नव्हे, हलके.)

मोजपट्टी
कडीकोयंडा, अभिनंदन आणि पहिल्या धाग्याचं स्वागत. तुमच्या टेबलाचं गणित करून देते.

झुंबराची लांबी टेबलाच्या लांबीच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत असावी. तुमचं टेबल ७२ इंच, म्हणजे ३६ ते ४८ इंच. मी स्वतः ४२ ते ४८च्या बाजूने जाईन, कारण ३६ इंची झुंबर ६ फुटी टेबलावर कागदावर बरोबर वाटतं आणि प्रत्यक्षात बिचारं वाटतं. रुंदीत मात्र कंजूषपणा करा. टेबलापेक्षा निदान फूटभर अरुंद हवं, म्हणजे दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच आत. तुमच्याकडे २४ इंच ही कमाल मर्यादा, १२ ते १८ उत्तम. खुर्चीतून उठताना माणूस पुढे वाकतो, तेव्हा कपाळाला काय लागणार ते या सहा इंचांवर ठरतं.

उंची: ८ फुटी छताला टेबलाच्या पृष्ठभागापासून झुंबराच्या तळापर्यंत ३० ते ३६ इंच. छत जितके फूट वाढेल तितके तीन-तीन इंच वाढवायचे. तुमचं ९ फूट, म्हणजे ३३ ते ३९.

आणि टेबल वाढवता येणारं असेल तर माप बंद टेबलाचं धरा, उघडलेल्याचं नाही.

कडीकोयंडा
मोजपट्टी, कित्ती आभार! टेबल वाढणारं नाही. एक शंका: झुंबर मुळात छतापासून मोजायचं नाही का? दुकानात सगळे "किती फूट दोरी देऊ" असं विचारतात.

मोजपट्टी
छतापासून मोजून काही कळत नाही, कारण झुंबराची स्वतःची उंची ६ इंचही असते आणि २० इंचही. तळ कुठे येणार ते आधी ठरवा, मग वरची दोरी आपोआप निघते. दुकानदाराला उलट विचारा, "दोरी जागेवर कमीजास्त करता येते का?" जास्तीची लांबी असली तर कापता येते, कमी पडली तर जोड मारावा लागतो आणि तो दिसतो.

वायरिंगवाला_आबा
सव्वा फुटाबद्दल बोलतो, बाकी सगळं नंतर. बोर्ड लागायचेत म्हणजे नशीबवान आहात. आजच्या आज पॉइंट हलवून घ्या. आत्ता थोडा पाइप आणि वायर लागेल, नंतर छत फोडावं लागेल.

गोल झुंबर सव्वा फूट बाजूला असलं तर "खोलीच्या मध्यात असेल" म्हणून माणूस सोडून देतो. लांबट झुंबराला ती सवलत नाही. टेबलाची कड, आयलंडची कड आणि झुंबराची कड अशा तीन सरळ रेषा एकमेकींना चिकटून दिसतात. एक जरी दोन अंशांनी फिरली तरी तिरक्या तसबिरीसारखी रोज खुपते. म्हणून आधी टेबलाची जागा पक्की करायची, जमिनीवर टेप लावायची, टेपच्या मध्यावरून ओळंबा वर न्यायचा आणि तिथे छतावर खूण करायची. भिंतीपासून मोजू नका. भिंती काटकोनात असतात ही अंधश्रद्धा आहे.

शिवाय लांबट झुंबराला टांगायच्या जागा दोन हव्यात. एकाच दोरीवरचं स्वस्त मॉडेल घेतलंत तर पंख्याच्या वाऱ्याने ते हळूहळू फिरत राहतं. दोन टोकांना दोन दोऱ्या, किंवा वर लांब पट्टी असलेलं घ्या. लांब पट्टीचा आणखी फायदा म्हणजे छतातलं भोक दोन-चार इंच इकडेतिकडे झालं तरी झाकलं जातं. सव्वा फूट मात्र झाकलं जाणार नाही.

तिरपा_डोळा
आबांचं "भिंती काटकोनात असतात ही अंधश्रद्धा" हे फ्रेम करून लावायला हवं. अर्थात भिंतीवर ते तिरकंच दिसेल.

अलिप्त
मुळात झुंबर हवंच कशाला? टेबलावर दोन साधे लटकते दिवे, आयलंडवर तीन. धूळ कमी, वजन कमी, एक बिघडला तर बाकीचे चालू. लांबट झुंबर बिघडलं की आख्खी दांडी अंधारात जाते. लोक दुकानात झुंबर बघतात तेव्हा ते वीस झुंबरांच्या गर्दीत असतं आणि छत उंच असतं. घरी आणलं की तेच अंगावर येतं.

निळीशाई
अलिप्त, तुमच्या नावाला जागलात. :) पण तीन दिव्यांना तीन भोकं, तीन वायरी, आणि तिन्ही एका रेषेत, एका उंचीवर ठेवायची कसरत. आबा म्हणतात तो रेषेचा प्रश्न तिप्पट होतो. शिवाय टेबलाची जागा पुढे बदलली तर तिन्ही चुकीचे. आमच्याकडे लांबट आहे, लोलकवालं, आणि मी ते कुणाच्या सांगण्यावरूनही काढणार नाही. संध्याकाळी लावलं की छतावर जे कवडसे पडतात ते साध्या दांडीतून येणार नाहीत.

कडीकोयंडा, माझं मत तुमच्या मिस्टरांना.

अलिप्त
>> छतावर जे कवडसे पडतात

आणि त्यावर जी धूळ बसते?

निळीशाई
बसते. पुसते. पुढचा प्रश्न?

उगाच_एक
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

लुकलुक
कवडशांवरून एक गोष्ट सांगतो, ती दुकानात कुणी सांगत नाही. लोलक चमकतो तो काचेमुळे जितका, तितकाच आतल्या दिव्यामुळे. चमक दिसायला प्रकाशाचा उगम लहान आणि उघडा हवा: पारदर्शक काचेचा, आत तार दिसणारा बल्ब. त्याच झुंबरात दुधी बल्ब किंवा पसरट एलईडी पट्टी घातली तर लोलक मलूल दिसतात, मग काच कितीही उंची असो. म्हणून खरेदीला जाल तेव्हा झुंबर लावून बघा, आणि बघितलेलेच बल्ब घरी येणार आहेत ना ते विचारा.

काचेबद्दल: इंग्लंडमध्ये जॉर्ज रॅव्हन्सक्रॉफ्टने १६७४ मध्ये नव्या काचेचं पेटंट घेतलं. पुढे तिच्यात शिशाचं ऑक्साइड पडू लागलं आणि काच जड, घासायला सोपी आणि जास्त लखलखती झाली. लोलकांच्या झुंबरांचा थाट तिथून वाढला. युरोपातल्या नियमांप्रमाणे 'लेड क्रिस्टल' म्हणवून घ्यायला काचेत निदान २४ टक्के शिशाचं ऑक्साइड लागतं. आज दुकानात 'के९' म्हणून मिळते ती शिसं नसलेली, चष्म्याच्या भिंगांच्या जातकुळीतली स्वच्छ काच. घरासाठी ती उत्तम आहे. फक्त ती के९ आहे की ॲक्रिलिक हे हातात घेऊन बघा. काच गार आणि जड लागते, ॲक्रिलिक कोमट आणि हलकं.

निळीशाई
लुकलुक, दुधी बल्बांचं शंभर टक्के खरं. आमच्याकडे मध्ये कुणीतरी बल्ब बदलले आणि झुंबराचा जीव गेला, कारण कळेना. आत्ता कळलं.

रोमातला_रवी
वाचतोय. वाचनखूण साठवली.

कडीकोयंडा
बाप रे, दोन तासांत एवढं! आबा, वायरमनला निरोप गेला. तो म्हणाला, "बाई, तुम्ही कुठे विचारलंत?" मी म्हटलं, तज्ज्ञांना.

आता आयलंडबद्दल सांगा ना. नवरा म्हणतो दोन्हीकडे एकसारखी झुंबरं लावू, जोडी छान दिसेल.

काकू_नंबर_वन
अगं, आधी हे सांग, आयलंडवर शेगडी आहे का? असेल तर झुंबराचं नावच काढू नकोस. वाफ आणि तेल वर जातं, चिमणी असली तरी थोडं निसटतंच. लोलकांवर चिकट थर बसतो, त्यावर धूळ, आणि मग तो थर नुसत्या फडक्याने निघत नाही. माझ्या जावेकडे कापडी शेडचा दिवा होता शेगडीजवळ. कापडात वास मुरला तो गेलाच नाही, शेवटी दिवा गेला.

कडीकोयंडा
काकू, शेगडी मागच्या भिंतीला आहे. आयलंडवर फक्त चिरणं, मळणं, आणि मुलीचा गृहपाठ.

काकू_नंबर_वन
मग ठीक. तरी लोलक टेबलावरच ठेव, आयलंडवर गुळगुळीत काहीतरी, एका हाताने पुसून होईल असं. पुसायची रीत लिहून ठेव: दिवा बंद करून पूर्ण गार होऊ द्यायचा. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, तीन भाग डिस्टिल्ड वॉटर. नळाचं पाणी नको, सुकलं की क्षारांचे ठिपके राहतात. आणि फवारा फडक्यावर मारायचा, झुंबरावर नाही. होल्डरमध्ये पाणी गेलं तर काय होतं ते आबा सांगतील.

वायरिंगवाला_आबा
सांगायला उरलो तर सांगेन.

मोजपट्टी
आयलंड आणि टेबल यांत एक मोठा फरक आहे आणि तोच सगळे विसरतात. टेबलाशी माणूस बसतो, आयलंडशी उभा राहतो.

टेबल जमिनीपासून ३० इंच. त्यावर ३६ इंचांवर तळ, म्हणजे जमिनीपासून ६६ इंच. बसलेल्या माणसाचे डोळे ४५ ते ४८ इंचांवर, त्यामुळे समोरच्याचा चेहरा निवांत दिसतो, झुंबर वर राहतं. आयलंड ३६ इंच उंच. त्यावर ३० इंच सोडलेत तर तेही ६६ इंचच. पण तिथे माणूस उभा आहे आणि त्याचे डोळे नेमके तिथेच आहेत. चिरताना समोर बघावं तर थेट बल्ब डोळ्यांत. म्हणून आयलंडवर ३३च्या खाली अजिबात येऊ नका, ३६ घ्या, घरात कुणी सहा फुटी असेल तर ३९ सुद्धा. आणि बल्ब बाजूने झाकलेले हवेत, उजेड खाली पडेल असे. टेबलावर चालतील ते उघडे बल्ब आयलंडवर चालत नाहीत.

लांबी त्याच नियमाने: ९६ इंचांच्या आयलंडला ४८ ते ६४.

एकसारखी जोडी नको. दोन्ही समांतर आहेत, खोलीत शिरल्यावर एकामागे एक दिसणार. दोन लोलकवाली झुंबरं एकमेकांत गुंतलेली दिसतील. एक बोलकं, एक गप्प. रंग धातूचा सारखा ठेवा, एवढं नातं पुरे.

तिरपा_डोळा
एक बोलकं, एक गप्प, नातं पुरे. मोजपट्टी, हे झुंबरांबद्दलच आहे ना?

मोजपट्टी
:) आणि अजून एक: मी दोन्हींचे तळ जमिनीपासून एकाच पातळीवर ठेवते. तुमच्याकडे ७० इंच. म्हणजे टेबलापासून ४०, आयलंडपासून ३४. लांबून बघताना एक रेष दिसते.

निळीशाई
इथे माझी असहमती. टेबलापासून ४० म्हणजे झुंबर टेबलाचं राहत नाही, छताचं होतं. टेबलावरचं झुंबर खाली असलं की त्याच्याखाली वेगळी खोली असल्यासारखी जागा तयार होते, लोक जेवण झाल्यावरही उठत नाहीत. ३४-३५च्या वर नेऊ नका. पातळ्या जुळल्या नाहीत तर जुळू नयेत. टेबल आणि आयलंडच्या पातळ्या तरी कुठे जुळतात?

मोजपट्टी
मुद्दा आहे. मी रेषांची माणूस, मला पायरी दिसली की त्रास होतो. कडीकोयंडा, पुठ्ठ्याने ठरवा: झुंबराच्या मापाचा पुठ्ठा कापा, सांगाड्याला सुतळीने टांगा, खाली टेबल ठेवा. काही दिवस त्याच्याखाली वावरा, बसा, वाढा, वाका. सुतळी वरखाली करायला काही लागत नाही.

अलिप्त
पुठ्ठाच ठेवून द्या कायमचा. धूळ दिसत नाही, बल्ब जात नाही.

उगाच_एक
अलिप्त यांचं घर बघायची फार इच्छा आहे. पण तिथे उजेड असेल का?

लुकलुक
उजेडाचं बोलू, कारण अजून कुणी आकडा काढलेला नाही. 'बारा दिव्यांचं' असं म्हणून काही कळत नाही, ल्युमेन बघा, म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण उजेड. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ८०० ल्युमेन देई. आज तेवढा उजेड ९ वॅटच्या आसपासचा एलईडी देतो.

जेवणाच्या टेबलावर २०० लक्स छान वाटतं. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन. टेबल ६ × ३ फूट म्हणजे १.६७ चौ.मी., तेव्हा टेबलावर पोचायला हवेत ३३४ ल्युमेन. एवढेच! उजेड खाली टाकणारी बंदिस्त दांडी असेल आणि तिचा निम्मा उजेड टेबलावर पडत असेल तर ७०० ल्युमेनमध्ये काम झालं. पण चहूकडे उजेड फेकणारे उघडे बल्ब तीन फुटांवर टांगले, तर भूमितीने त्यांच्या उजेडाचा जेमतेम दहावा भाग थेट टेबलावर येतो. बाकीचा भिंती, छत आणि जेवणाऱ्यांचे डोळे यांत वाटला जातो. त्यामुळे तेच २०० लक्स उघड्या बल्बांनी गाठायला ३३०० ल्युमेनच्या आसपास लागतात. भिंतींवरून थोडा परत येतो, तेवढे कमी धरा. म्हणून लोलकवाल्या झुंबरात दिवे खूप असतात आणि तरीही टेबल 'अंधारं' वाटू शकतं.

आयलंडवर काम करायचंय, सुरी चालवायचीय, तिथे ५०० लक्स धरा. २.२३ चौ.मी. म्हणजे सुमारे १११५, आणि निम्मा उजेड वाया धरून सव्वादोन हजार ल्युमेन.

उगाच_एक
एवढं गणित शाळेत कुणी झुंबर दाखवून शिकवलं असतं तर मी आज कुठे असतो.

वायरिंगवाला_आबा
दुकानात दिवे मोजायला. :)

काकू_नंबर_वन
लुकलुक, रंगाचं काय? आमच्याकडे पांढराशुभ्र लावलाय. सगळे आजारी दिसतात.

लुकलुक
काकू, तो ६५०० केल्विनचा असणार (हा रंगछटेचा आकडा, जितका कमी तितका उजेड पिवळसर). टेबलावर २७०० लावा, फार तर ३०००. आयलंडवर ३००० ते ४००० चालेल, पण एकाच नजरेत दोन्ही दिसत असताना २७०० आणि ४००० शेजारी ठेवलेत तर एक पिवळट आणि एक निळसर दिसतो. कडीकोयंडांच्या खोलीत मी दोन्हीकडे ३००० घेईन, किंवा दोन्हीकडे २७००.

कमी उजेडात पिवळसर रंग बरा वाटतो असं डच भौतिकशास्त्रज्ञ क्रुइटहॉफ यांनी १९४१ मध्येच मांडलं होतं. त्यांच्या आलेखावर नंतर बरेच आक्षेप आले, पण जेवणाच्या टेबलापुरतं तरी लोकांचं मत त्यांच्या बाजूचं दिसतं.

'आजारी' दिसण्याचं दुसरं कारण रंगदर्शकता, खोक्यावर सीआरआय म्हणून लिहिलेली. ९०च्या वर घ्या. त्यातही एक मेख आहे: तो आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो, गडद तांबडा त्यात धरलेलाच नसतो. तो 'आर९' म्हणून वेगळा दिलेला असतो. त्वचेत तांबूस छटा असते, त्यामुळे आर९ कमी असला की चेहरे निस्तेज दिसतात. जिथे माणसं समोरासमोर बसणार तिथे हे नक्की विचारा. विक्रेत्याने "म्हणजे काय?" विचारलं तर दुसरीकडे विचारा.

काकू_नंबर_वन
म्हणजे माझं वय नव्हे, बल्ब होता. हा धागा घरच्यांना पाठवते.

तिरपा_डोळा
(प्रतिसाद काढून टाकला आहे)

रोमातला_रवी
माझा पहिला प्रतिसाद. डायनिंगवर छताचा पंखाही आहे. त्याचं आणि झुंबराचं जमतं का? की एकालाच ठेवायचं?

वायरिंगवाला_आबा
रवी, बोललात एकदाचे! एकाच जागी दोन्ही जमत नाहीत. पंख्याची पाती दिव्याच्या खालून फिरली तर उजेड लपकत राहतो, पाच मिनिटांत डोकं धरतं. पात्यांचा घेर आणि झुंबर यांत मोकळी जागा हवी, आणि झुंबराचे दिवे पात्यांच्या पातळीखाली हवेत. लोलक असतील तर वाऱ्याने किणकिणतात. काहींना ते आवडतं. पहिल्या दिवशी. भिंतीवरचा पंखा बघा.

आता वजनाचं, कारण ते कुणी विचारत नाही. कडीकोयंडा, नीट वाचा. जिप्सम बोर्ड किंवा पीओपी झुंबराचं वजन घेत नाही. बोर्डाचा पातळ पत्र्याचा सांगाडाही घेत नाही. वजन वरच्या स्लॅबला द्यायचं: स्लॅबमध्ये अँकर फास्टनर (काँक्रीटमध्ये घट्ट बसणारा बोल्ट), त्यातून गज किंवा साखळी खाली, आणि बोर्ड लागताना त्याला नुसतं भोक. दोन टांगणीचं झुंबर असेल तर दोन अँकर. म्हणूनच म्हणतो, मॉडेल बोर्ड लागायच्या आधी ठरवा, कारण दोन अँकरमधलं अंतर प्रत्येक मॉडेलचं वेगळं. नाहीच ठरलं तर त्या पट्ट्यात वर जाड प्लायची लांब फळी स्लॅबला बांधून घ्या, पुढे कुठेही स्क्रू धरेल.

आणि स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल असतील, म्हणजे पोस्ट टेन्शन स्लॅब असेल, तर बिल्डरच्या इंजिनीअरला विचारल्याशिवाय ड्रिल लावू नका.

लुकलुक
आबांना दुजोरा. दिव्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी ६०५९८ मध्ये, टांगणीची चाचणी दिव्याच्या चौपट वजन तासभर लटकवून घेतात. १५ किलोच्या झुंबराला ६० किलो. दिव्याची टांगणी कारखान्यात एवढं सोसून येते, मग तुमच्या छतातला हुक त्याहून कच्चा का असावा?

वायरिंगवाला_आबा
बरोबर. शिवाय धातूचं अंग असलेल्या झुंबराला अर्थिंगची तिसरी वायर लागते. पॉइंटला दोनच वायरी आल्या असतील तर आत्ताच तिसरी ओढून घ्या. चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर तो दुहेरी इन्सुलेशनचा, त्याला लागत नाही. बाकी सगळ्यांना लागते, "कुणी हात लावतंय तिथे" असं म्हणणाऱ्या वायरमनलाही.

अलिप्त
खरंच विचारतो, टोमणा नाही. ज्यात एलईडी आतच बसवलेले असतात, बल्ब बदलता येत नाही, असं लांबट झुंबर घ्यावं का? दिसायला तीच सगळ्यांत सडसडीत असतात आणि मला चालतील अशी तीच आहेत.

लुकलुक
अलिप्त झुंबराकडे वळले, धागा सफल.

घ्यावं, पण दोन गोष्टी बघून. बहुतेक वेळा एलईडी आधी जात नाही, त्याला वीज देणारा ड्रायव्हर जातो. तो वेगळा काढता येतो का, वरच्या डब्यात आहे का, आणि त्यावर व्होल्ट-अँपिअर छापलेत का ते बघा. तेवढं असेल तर दुसरा मिळू शकतो. आणि 'पन्नास हजार तास' असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ त्यानंतर विझेल असा नसतो. सहसा तो उजेड ७० टक्क्यांवर उतरण्याचा काळ असतो.

बल्ब बदलता येणारं घेतलंत तर होल्डर नेहमीच्या मापाचा बघा, ई२७ किंवा ई१४. बारीक दोन दांड्यांच्या जी९ बल्बांना जागा कमी असते, बंद काचेत तापले की लवकर जातात.

अलिप्त
धन्यवाद. म्हणजे आयलंडवरच. टेबलावर अजूनही दोन साधेच.

निळीशाई
हळूहळू.

कडीकोयंडा
मंडळी, खबर. पॉइंट हलला. तिसरी वायर होतीच, आबा, वायरमनने अभिमानाने दाखवली. प्लायची फळी टेबल आणि आयलंड दोन्हींवर बांधून घेतली.

पुठ्ठे टांगले. ४८ इंची पुठ्ठा बघून नवराच म्हणाला, फार होतंय. ४२वर एकमत झालं. त्या मापात त्याला हवं तसं घनदाट लोलकांचं फार भरगच्च दिसेल हेही त्याला पटलं. म्हणून टेबलावर काळ्या धातूची चौकट आणि आत एकच ओळ लोलकांची, पारदर्शक बल्बवालं. निळीशाई आणि मी दोघी जिंकलो असं मी जाहीर करते. नवऱ्याने आक्षेप नोंदवलाय.

उंचीत मोजपट्टींची रेष लांबून खरंच सुंदर दिसली. पण खाली बसल्यावर ४० फार उंच वाटलं. ३५ ठेवतोय. आयलंडवर ३६, बंदिस्त दांडी, ५ फुटी. पायरी दिसते. मोजपट्टी, आमच्याकडे आलात तर आयलंडकडे पाठ करून बसा.

एकच राहिलं: डिमर, उजेड कमीजास्त करायचा. विक्रेता म्हणतो, पंख्याच्या रेग्युलेटरवरच जोडा, चालतं.

वायरिंगवाला_आबा
नाही चालत. गुणगुणेल, लुकलुकेल, आणि ड्रायव्हर जाईल.

उगाच_एक
आबा, लुकलुक यांचं नाव मध्ये कशाला?

मोजपट्टी
३५ आणि ३६, म्हणजे जमिनीपासून ६५ आणि ७२. सात इंचांची पायरी. मी बाहेरच बसेन. :)

लुकलुक
माझ्या नावाने का होईना, डिमरचं सांगतो. बल्बवर किंवा ड्रायव्हरवर 'डिमेबल' लिहिलेलं हवं आणि डिमर एलईडीसाठीचा हवा, दोन्ही. शक्यतो 'ट्रेलिंग एज' नावाच्या प्रकारातला. जुने डिमर शेकडो वॅटच्या भारासाठी असतात, त्यांना एलईडीचे ३०-४० वॅट म्हणजे काहीच नाही, म्हणून ते खालच्या टोकाला अडखळतात. विकत घ्यायच्या आधी दुकानात अगदी कमीवर आणून मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा, काळे पट्टे सरकताना दिसले तर नको.

डिमर टेबलाला जरूर घ्या. डोळ्यांचा हिशोब वेगळा असतो: उजेड मोजून पाव केला तर डोळ्यांना तो साधारण निम्मा वाटतो. म्हणजे गृहपाठाला पूर्ण, जेवताना निम्मा आणि नंतर गप्पांना त्याहून कमी, हे एकाच झुंबरात बसतं. आयलंडला डिमर नसला तरी चालेल, पण स्विच वेगळा ठेवा.

वायरिंगवाला_आबा
आणि कडीकोयंडा, उद्या बोर्ड लागायच्या आधी वरच्या फळ्यांचे आणि पाइपांचे फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. आमच्या मोजपट्टी नव्हे, खरी. भिंतीपासूनचं अंतर फोटोत वाचता आलं पाहिजे. झुंबर येईल तेव्हा लावायला येणारा माणूस वेगळा असेल आणि त्याला फळी कुठे आहे ते माहीत नसेल.

कडीकोयंडा
काढले. टेबलाला डिमर, आयलंडला वेगळा स्विच, हेही सांगून झालं. झुंबर आलं की फोटो टाकते. रवी, तुमच्या पंख्याचं काय ठरलं?

रोमातला_रवी
पंखा राहतोय, झुंबर नाही. बायकोने हा धागा वाचला आणि आबांचं "पहिल्या दिवशी" तिला फार आवडलं.